सर्व्हरवर आत्ता नेमकं काय चालू आहे?

ग्राहकाचा फोन येतो: व्याजाची रक्कम चुकीची दिसतेय. टीममधला एकजण म्हणतो, "हा बग तर तीन आठवड्यांपूर्वीच काढला." दुसरा म्हणतो, "माझ्याकडे बरोबर येतंय." दोघंही खरं बोलत असतात. ग्राहकाच्या सर्व्हरवर जो प्रोग्रॅम चालतोय तो कुठल्या कोडपासून, कुठल्या लायब्रऱ्या घालून, कधी आणि कुणाच्या मशीनवर तयार झाला, हे मात्र दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही. ते कळेपर्यंत बग शोधायला सुरुवातच झालेली नसते.

सॉफ्टवेअर कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट हे लांबलचक नाव याच प्रश्नाभोवती उभं आहे. 'कॉन्फिगरेशन' म्हटलं की सेटिंगची फाइल डोळ्यांसमोर येते आणि तिथेच घोटाळा होतो. ही शिस्त १९५० च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्यात रुजली. क्षेपणास्त्राच्या अमुक नगात नेमके कुठले सुटे भाग कुठल्या आराखड्यानुसार बसवलेत, याची ती नोंद होती. आपल्याकडे सुटे भाग म्हणजे सोर्स कोड, बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्या, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम), बिल्डच्या स्क्रिप्ट, डेटाबेसची रचना, सेटिंग आणि चालू-बंद करायचे फ्लॅग. यातलं काहीही बदललं की प्रोग्रॅमचं वागणं बदलू शकतं, म्हणून यातल्या प्रत्येकाची नोंद हवी. बहुतेक टीम यातल्या पहिल्या गोष्टीची चोख नोंद ठेवतात आणि उरलेल्या सहा रामभरोसे सोडतात.

कोडची वही

कोडची नोंद ठेवणारी पहिली साधनं जुनी आहेत. बेल लॅब्जमध्ये एससीसीएस १९७२ मध्ये बनलं, मग आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन. गिट त्या मानाने उशिरा आलं. लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाची फुकट वापराची परवानगी गेली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ते लिहायला घेतलं. आता बहुतेक ठिकाणी गिटच असतं.

गिट समजून घ्यायचं तर एक गोष्ट पुरते. प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणी असलेल्या सगळ्या फाइलींचं चित्र, अधिक आधीच्या कमिटचा पत्ता, अधिक नाव-तारीख-संदेश. आणि या सगळ्यावरून काढलेला ४० अक्षरी हॅश हीच त्याची ओळख. एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलतो. त्यामुळे "आम्ही अमुक हॅशवर आहोत" हे वाक्य पुरेसं नेमकं असतं. "आम्ही मेन ब्रँचवर आहोत" हे मात्र नसतं, कारण ब्रँच म्हणजे नुसता बाण: एका छोट्या फाइलीत लिहिलेला एक हॅश, जो प्रत्येक कमिटला पुढे सरकतो. सकाळची मेन आणि संध्याकाळची मेन या वेगळ्या गोष्टी आहेत.

रिलीजला, म्हणजे बाहेर पाठवायच्या आवृत्तीला, म्हणूनच टॅग लावायचा. टॅग दोन प्रकारचे असतात. साधा टॅग हेही नुसतं नाव असतं. टिपणासह लावलेल्या टॅगमध्ये कुणी, कधी, का ही माहिती असते आणि त्यावर सहीही करता येते. रिलीजसाठी दुसराच वापरावा. आणि एकदा बाहेर पाठवलेला टॅग पुन्हा हलवू नये. "छोटीशी चूक राहिली, त्याच नंबरवर पुन्हा काढू" असं केलं की २.४.१ नावाच्या दोन वेगळ्या वस्तू जगात फिरायला लागतात. पुढे कुणी २.४.१ मध्ये बग आहे म्हणालं, की आधी "कुठल्या?" असं विचारावं लागतं. नंबरांना तोटा नाही, २.४.२ काढा.

गिटची 'डिस्क्राइब' ही आज्ञा फार कमी लोक वापरतात. ती सगळ्यात जवळचा टॅग, त्यानंतर झालेल्या कमिटची संख्या आणि हॅशचा सुरुवातीचा तुकडा जोडून देते. '२.४.१, त्यावर ७ कमिट, अमुक हॅश' असं एका ओळीत उत्तर मिळतं. तिला 'डर्टी'चा पर्याय दिला तर कमिट न केलेले बदल शिल्लक असताना शेवटी तो शब्दही चिकटतो. ही ओळ बिल्डच्या वेळी प्रोग्रॅममध्येच कोरून ठेवायची आणि प्रोग्रॅम सुरू होताना लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या रोजनिशीत) पहिली छापायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहकाच्या खऱ्या सर्व्हरच्या, लॉगमध्ये 'डर्टी' दिसलं तर कुणीतरी स्वतःच्या लॅपटॉपवर बिल्ड करून वर चढवलंय, हे न विचारता कळतं.

एक धोका इथेच सांगायला हवा. डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला, मग पुढच्या कमिटमध्ये खोडला, तरी तो इतिहासात तसाच असतो. आधी पासवर्ड बदला, इतिहास साफ करायचं नंतर बघा. उलट क्रमाने करणारे तासभर इतिहास घासत बसतात आणि तेवढा वेळ पासवर्ड उघडाच असतो.

बिल्ड: चूल एक, जिन्नस तेच

माणसाने लिहिलेल्या कोडपासून मशीनवर चढवता येईल अशी वस्तू तयार करणं म्हणजे बिल्ड. सी भाषेत कंपाइल आणि लिंक, जावात जार फाइल, वेब-ॲपमध्ये जावास्क्रिप्टचा गठ्ठा, बऱ्याच ठिकाणी डॉकर इमेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा. तयार झालेल्या वस्तूला आर्टिफॅक्ट म्हणतात.

या कामाचं पहिलं गाजलेलं साधन 'मेक'. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने ते १९७६ मध्ये लिहिलं. निमित्त साधं होतं: त्याच्या एका सहकाऱ्याने अख्खी सकाळ एका बगमागे घालवली आणि शेवटी कळलं की कोड कधीच दुरुस्त झालेला होता, फक्त नवा कंपाइल झाला नव्हता. म्हणजे या लेखाच्या सुरुवातीचा फोन पन्नास वर्षं जुना आहे. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाहीत, हा जाचही तेव्हाचाच. चूक लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून ती तशीच ठेवली. त्या डझनभरांसाठी जगाने किती टॅब मोजले असतील!

मेकचा नियम असा: तयार फाइल तिच्या कच्च्या मालापेक्षा जुनी असेल तर पुन्हा तयार कर, नाहीतर हात लावू नको. हे तो फाइलींच्या वेळेवरून ठरवतो. त्यातून दोन प्रकारे फसगत होते. नेटवर्कवरच्या डिस्कचं घड्याळ आपल्या मशीनच्या मागे-पुढे असेल तर नवी फाइल त्याला जुनी वाटते. दुसरा प्रकार जास्त वाईट, म्हणून जरा जवळून बघू.

समजा 'खाते' नावाची रचना एका हेडर फाइलमध्ये (अनेक फाइलींना लागणाऱ्या व्याख्यांच्या फाइलीत) आहे: आधी खाते क्रमांक, मग शिल्लक. तिचा वापर दोन फाइलींत होतो, एकीत डेटाबेसमधून वाचन आणि दुसरीत छपाई. कुणीतरी हेडरमध्ये या दोन रकान्यांच्या मधे शाखा क्रमांक घातला. मेकफाइलमध्ये वाचनाची फाइल हेडरवर अवलंबून आहे असं लिहिलेलं होतं, छपाईच्या बाबतीत लिहायचं राहिलं. मेकने वाचनाची फाइल नव्याने कंपाइल केली, छपाईची जुनीच वापरली. आता वाचणारा भाग तिन्ही रकाने नव्या क्रमाने भरतो, आणि छापणारा जुन्या अंदाजाने दुसऱ्या रकान्यातला आकडा 'शिल्लक' म्हणून छापतो. खातेदाराच्या पासबुकावर शिल्लक म्हणून शाखा क्रमांक! कंपायलरने चकार शब्द काढलेला नसतो, कारण प्रत्येक फाइल आपापल्या जागी बरोबर आहे. सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड केलं की बग गायब होतो आणि लोक "काहीतरी कॅशचा प्रॉब्लेम होता" म्हणून चहाला जातात.

उपाय म्हणजे अवलंबित्वाची यादी हाताने लिहायचीच नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरना 'एमएमडी' हा पर्याय दिला की कुठल्या फाइलीने कुठले हेडर ओढले याची यादी ते स्वतः बनवतात. ती मेकफाइलला जोडायची. आणि रिलीजचं बिल्ड नेहमी कोऱ्या जागेवर करायचं, दर वेळी नवी फोल्डर, नवा कंटेनर. रोजच्या कामात अर्धवट बिल्डने वेळ वाचतो तो खुशाल वाचवा. रिलीजच्या वेळी पंधरा मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

हे काम वेगळ्या बिल्ड सर्व्हरवर व्हायला हवं ते याचसाठी. कुणाच्याही लॅपटॉपवर तीन वर्षांचा साचलेला संसार असतो: कधीतरी हाताने टाकलेली लायब्ररी, पाथमध्ये बसलेला जुना कंपायलर, कुठल्याशा ट्युटोरियलवरून घातलेलं सेटिंग. त्यातलं नेमकं काय बिल्डमध्ये शिरलं, हे लॅपटॉपच्या मालकालाही ठाऊक नसतं.

उसनवारीचा हिशोब

आजच्या प्रोजेक्टमध्ये आपला कोड थोडा आणि आणलेला जास्त असतो. २२ मार्च २०१६ रोजी एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारावरून 'लेफ्ट-पॅड' नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. ११ ओळींचा कोड. शब्दाच्या डावीकडे ठरावीक लांबीपर्यंत रिकाम्या जागा भरायच्या, एवढंच काम. पण बेबलसारखी मोठी साधनं त्याच्यावर उभी होती, त्यामुळे जगभरातली बिल्ड धडाधड पडायला लागली. काही तासांत ते पॅकेज परत आणलं गेलं आणि नंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले. शेजाऱ्याकडून रोज वाटीभर साखर आणणाऱ्या घरावर जी वेळ येऊ शकते, तीच ही. आपल्या कंपनीत लायब्रऱ्यांची स्वतःची साठवण, म्हणजे नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखी मधली कोठी ठेवली, तर बाहेरचं दुकान बंद असलं तरी चूल पेटते.

गायब होण्यापेक्षा नकळत बदलण्याचा त्रास रोजचा. पॅकेजच्या यादीत १.४.२ च्या आधी ^ हे चिन्ह असेल तर त्याचा अर्थ '१.४.२ किंवा त्यापुढचं, पण २ च्या आत काहीही'. ~ असेल तर फक्त १.४ च्या घरातलं. म्हणजे सोमवारी १.४.२ आलं आणि गुरुवारी त्याच कोडवर १.५.० आलं, असं होऊ शकतं. आपल्या कमिटचा हॅश तोच, आर्टिफॅक्ट वेगळा. लॉकफाइल हे थांबवते. तिच्यात प्रत्येक लायब्ररीची, आणि त्या लायब्ररीच्या लायब्ररीचीही, नेमकी आवृत्ती आणि हॅश असतो. ती कमिट करायची. बिल्ड सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' न चालवता 'एनपीएम सीआय' चालवायचं: पहिली आज्ञा गरज वाटली तर लॉकफाइल गुपचूप बदलते, दुसरी यादी आणि लॉकफाइल जुळत नसतील तर तिथेच थांबते. बिल्ड थांबलेलं परवडतं.

डॉकरमध्ये हाच सापळा 'लेटेस्ट' या नावाने बसलेला असतो. लेटेस्ट म्हणजे सर्वात नवी इमेज असंही नाही. ते फक्त एक टॅगचं नाव आहे, कुणी हलवेल तिथे जाणारं. आधाराची इमेज तिच्या डायजेस्टने, म्हणजे एसएचए-२५६ हॅशने नोंदवली तर ती हलत नाही. मग सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत हे खरं, त्यासाठी दर आठवड्याला आवृत्त्या वाढवणारी वेगळी कमिट काढावी लागते. पण ती कमिट दिसते, तिची चाचणी होते, बिघडलं तर ती मागे घेता येते.

आवृत्तीच्या आकड्यांबद्दल एक छोटी गंमत. २.१० ही २.९ च्या नंतरची आवृत्ती. ते दशांश अपूर्णांक नव्हेत. यामल या सेटिंगच्या फाइलीला हे कोण सांगणार? तिथे पायथनची आवृत्ती ३.१० अशी अवतरणचिन्हांशिवाय लिहिली की ती संख्या म्हणून वाचली जाते आणि शेवटचं शून्य गळून ३.१ उरते. आवृत्ती नेहमी अवतरणात.

तेच जिन्नस, तरी चव वेगळी

तोच कोड, त्याच लायब्रऱ्या, तोच कंपायलर. तरी दोन मशीनवरचे आर्टिफॅक्ट शेवटच्या बाइटपर्यंत सारखे निघतात का? बहुधा नाही. बिल्डची तारीख-वेळ आत कोरली जाते. झिप फाइलीत प्रत्येक नोंदीची वेळ स्थानिक घड्याळाची असते आणि तिच्यासोबत टाइम झोन नसतो, त्यामुळे पुण्यात बांधलेली जार आणि त्याच क्षणी लंडनमध्ये बांधलेली जार वेगळी. फोल्डरमधल्या फाइली कुठल्या क्रमाने मिळतील हे फाइल सिस्टिमवर अवलंबून. घरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता डीबगच्या माहितीत जातो.

डेबियनची मंडळी २०१३ पासून यावर नेटाने काम करत आहेत. उपाय एकेक करून सुचले: वेळ हवीच असेल तर 'सोर्स डेट इपॉक' या व्हेरिएबलमधून घ्यायची, आणि त्यात शेवटच्या कमिटची वेळ भरायची, फाइलींची यादी क्रम लावून वापरायची, आणि तो क्रम मशीनच्या भाषेप्रमाणे बदलू नये म्हणून लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, 'सी' ठेवायचं, पत्ते सापेक्ष करायचे.

इतका खटाटोप कशासाठी? कारण मग तिऱ्हाईत माणूस तोच कोड घेऊन बिल्ड करतो, दोन्हींचा हॅश ताडून पाहतो आणि मधे कुणी हात मारला नाही हे सांगू शकतो. २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोर बिल्ड सर्व्हरमध्येच बसले होते. कंपाइल सुरू झालं की त्यांचा प्रोग्रॅम एक सोर्स फाइल बदलायचा, काम झालं की मूळ फाइल परत ठेवायचा. रिपॉझिटरी (कोडची वही) स्वच्छ, आर्टिफॅक्टवर कंपनीची अधिकृत सही, आणि आत चोरदार. तो अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचला.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण याच जातीचं, पण कारागिरी वेगळी. लिनक्सवर सर्वत्र असलेल्या या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार होतं. त्याचा मुख्य ऐवज चाचणीसाठी ठेवलेल्या 'बिघडलेल्या' फाइलींच्या रूपात रिपॉझिटरीत पडून होता, पण त्याला जागं करणारी बिल्डची ओळ गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त रिलीज म्हणून चढवलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे फाइलींच्या गठ्ठ्यात, होती. गिट वाचणाऱ्याला काही दिसत नव्हतं, आणि डिस्ट्रिब्यूशनवाले बिल्ड करत होते टारबॉलवरून. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायचं साधन) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खुपलं, म्हणून ते सापडलं. टॅगवरून स्वतः काढलेला गठ्ठा आणि प्रकाशित झालेला टारबॉल कुणी रोज ताडून पाहत असतं, तर अर्ध्या सेकंदाच्या नशिबावर विसंबावं लागलं नसतं.

एकदाच बांधा

टेस्टिंगसाठी एक बिल्ड, स्टेजिंगसाठी (प्रॉडक्शनआधीच्या रंगीत तालमीसाठी) दुसरं, प्रॉडक्शनसाठी तिसरं, असं अजूनही सर्रास चालतं. मग चाचणी झालेली वस्तू प्रॉडक्शनवर जातच नाही, तिची बहीण जाते. आर्टिफॅक्ट एकदाच बांधायचा, त्याचा हॅश लिहून ठेवायचा आणि तोच पुढे सरकवत न्यायचा. ठिकाणागणिक जे बदलतं, जसं डेटाबेसचा पत्ता किंवा पेमेंट गेटवेची किल्ली, ते बाहेरून द्यायचं. वेब-ॲपच्या टीम इथे हमखास अडतात, कारण त्यांचा एपीआयचा (सर्व्हरशी बोलायचा) पत्ता बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टमध्ये शिजवला जातो. त्याऐवजी पान उघडताना एक छोटी जेसन फाइल वाचायची आणि पत्ता तिच्यातून घ्यायचा.

मोबाइल ॲपची गोष्ट आणखी अडचणीची. अँड्रॉइडवर दोन आकडे असतात. माणसाला दिसणारं नाव काहीही ठेवा, पण आतला 'व्हर्जन कोड' हा पूर्णांक दर रिलीजला वाढलाच पाहिजे. बिघडलेलं ४१२ मागे घेऊन ४११ पुन्हा देता येत नाही. ४११ चाच कोड ४१३ म्हणून नव्याने काढावा लागतो. टप्प्याटप्प्याने सोडलेला रिलीज थांबवता येतो, पण ज्यांच्या फोनवर तो उतरला त्यांच्या फोनवर तो राहतो. सर्व्हरला म्हणूनच जुन्या ॲपशी कित्येक महिने बोलता यायला हवं.

मागे यायची वाट

रिलीज बिघडला की "जुनं परत चढवा" म्हणतात. कोड परत चढतो. डेटाबेस चढत नाही. ग्राहकांच्या टेबलात 'फोन' या रकान्याचं नाव बदलून 'मोबाइल' करायचंय असं धरा. एका झटक्यात नाव बदललं, तर चढवण्याच्या त्या दोन-चार मिनिटांत जुने सर्व्हर 'फोन' मागत राहतात आणि कोसळतात. आणि मागे यायचं म्हटलं तर जुना कोड पुन्हा 'फोन'च मागतो.

म्हणून हे काम तुकड्यांत होतं. आधी नुसता 'मोबाइल' रकाना वाढवायचा, रिकामा चालेल असा. मग कोड दोन्ही रकान्यांत लिहील आणि जुन्यातून वाचेल, असा रिलीज. मग जुन्या नोंदी पाच-पाच हजारांच्या घासांनी नव्या रकान्यात भरायच्या. एकदम भरायला गेलं तर टेबल अडकून बसतं. मग वाचन नव्यातून. इथे एक-दोन आठवडे थांबायचं. सगळं ठीक असेल तर जुन्यात लिहिणं बंद, आणि अगदी शेवटी रकाना पुसायचा. शेवटची पायरी सोडून प्रत्येक टप्प्यावर एक पाऊल मागे येता येतं. कंटाळवाणं आहे, रात्री दोनला बॅकअपमधून टेबल ओढण्यापेक्षा कमी कंटाळवाणं.

आपल्याकडे एक अडचण खास आहे. ग्राहक अमेरिकेत असला की त्याचा रिलीज त्याच्या रात्री, म्हणजे आपल्या सकाळी करता येतो, ही सोय. पण बिघाड दिसतो तो त्याच्या कामाच्या वेळेत, आपल्या संध्याकाळी उशिरा किंवा रात्री. चढवणारा तोवर घरी गेलेला असतो. मागे घ्यायच्या आज्ञा त्याच्या डोक्यात न राहता कागदावर, त्याच क्रमाने, चालवून पाहिलेल्या अशा असायला हव्यात. स्टेजिंगवर दर वेळी पुढे जाऊन एकदा मागे येऊन पाहिलं तर हे आपोआप होतं.

सेटिंग हाही रिलीजच

"कोड बदललेला नाही, फक्त कॉन्फिग आहे" हे वाक्य ऐकलं की कान टवकारावेत. १९ जुलै २०२४ रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइकने विंडोजवरच्या आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमला एक नवी माहितीची फाइल पाठवली, क्रमांक २९१. प्रोग्रॅम तोच होता. त्या फाइलीतल्या नियमांना २१ रकाने अपेक्षित होते, आणि प्रोग्रॅम पुरवत होता २०. आधीच्या फाइलींत एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशी खूण असे, त्यामुळे ही तफावत उघडी पडली नव्हती. या वेळी तिथे खरी अट आली, प्रोग्रॅम नसलेला एकविसावा रकाना वाचायला गेला आणि तो कर्नलमध्ये चालत असल्याने अख्खं विंडोज पडलं. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती, आणि पडलेलं मशीन दुरुस्ती उतरवून घेऊ शकत नाही. माणसाने प्रत्येक मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये ती फाइल पुसायची, बहुतेक ठिकाणी हाच मार्ग उरला. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीचा मुख्य प्रोग्रॅम टप्प्याटप्प्याने सोडला जात असे, ग्राहकाला एक आवृत्ती मागे राहण्याचीही सोय होती. माहितीच्या फाइलींना ते नियम लागू नव्हते.

फ्लॅगचंही तसंच. नवं काम कोडमध्ये घालून फ्लॅगमागे बंद ठेवायचं आणि हळूहळू चालू करायचं, ही पद्धत चांगली. पण प्रत्येक फ्लॅगला मालक आणि मरणाची तारीख हवी.

न्यू जर्सीतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीत 'पॉवर पेग' नावाचं काम २००३ मध्ये वापरातून गेलं, पण त्याचा कोड तसाच राहिला. २००५ मध्ये, किती शेअर घेऊन झाले हे मोजणारा भाग कोडमध्ये दुसरीकडे हलवला गेला आणि पॉवर पेग पुन्हा तपासायची कुणाला गरज वाटली नाही. २०१२ मध्ये नव्या कामासाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला. जुलैच्या शेवटी नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवला जात होता. सातांवर चढला. आठवा राहिला, आणि दुसऱ्या माणसाने पडताळावं असा नियम नव्हता.

१ ऑगस्टला सकाळी साडेनऊला बाजार उघडला. फ्लॅग चालू होता. सात सर्व्हरना त्याचा नवा अर्थ ठाऊक होता; आठव्याने पॉवर पेग जागं केलं, आणि त्याला आता मोजता येत नव्हतं. २१२ छोट्या ऑर्डरींपोटी तो बाजारात मागणीवर मागणी ओतत राहिला. गडबडीत टीमने नव्या कोडवर संशय घेऊन तो सातही सर्व्हरवरून काढला. फ्लॅग चालूच होता. आता आठही सर्व्हर पॉवर पेग चालवू लागले. साधारण ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांवर व्यवहार, तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर.

बाजार उघडण्याआधी, सकाळी आठपासून, त्यांच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. त्या इशारा म्हणून आखलेल्या नव्हत्या, त्यामुळे आल्या तेव्हा कुणी त्या वाचायच्या असं ठरलेलंच नव्हतं. आठही सर्व्हरना "तुझी आवृत्ती कुठली?" असं विचारणारी स्क्रिप्ट दहा ओळींत होते. आदल्या संध्याकाळी तिने सात ओळी एकसारख्या छापल्या असत्या, आणि एक वेगळी.